टू-व्हील पिकअप फोर-व्हील करताना: घरच्या वेल्डिंगवर काय सोडायचं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूरकडे डोंगरउतारावर आंबा-काजूची बाग, आत जांभ्याचा कच्चा चढ. गाडी म्हणजे महिंद्राची जुनी डिझेल पिकअप, पुढे-मागे दोन्हीकडे पाटे (लीफ स्प्रिंग), ताकद फक्त मागच्या चाकांना. पावसाळ्यात रिकामी गाडी लाल चिखलात मागून घसरते, आणि माल भरून उतरताना नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवावा लागतो. ओळखीच्या भंगारवाल्याकडे जुन्या जीपचा पुढचा एक्सल आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) आहे, गावातला फॅब्रिकेटर वेल्डिंगला तयार आहे. तर हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमतं. पण या कामात वेल्डिंग थोडं आणि मोजमाप फार, हे आधी मनात पक्कं करा. मी अशा गाड्यांवर बरीच वर्षं काम करतोय आणि माझा नियम एकच आहे: घरी बनवायचे ते फक्त आधार. क्रॉस मेंबर, ब्रॅकेट, पाट्यांच्या बैठका. जे फिरतं, जे गाडी वळवतं आणि जे गाडी थांबवतं, ते सगळं कारखान्यातून निघालेलं असलं पाहिजे आणि त्याला वेल्डिंगचा रॉड लागता कामा नये. खाली जे लिहितोय ते सगळं या नियमातूनच निघतं.

आधी गरज तपासा. चढताना रिकामी पिकअप घसरते कारण तिच्या मागच्या एक्सलवर वजनच नसतं. हौद्यात एक्सलच्या बरोबर वर वाळूची पोती टाकली, चिखलाचे टायर लावले, मागच्या डिफरन्शिअलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या एक्सलमधल्या गिअरसंचाला) दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक मिळत असेल तर तो बसवला, की चढाचा बराचसा प्रश्न निम्म्याहून कमी खर्चात सुटतो. उतार मात्र याने सुटत नाही. भरल्या गाडीने निसरड्या उतारावर यायचं तर इंजिनाचा अडसर चारही चाकांवर वाटला गेला पाहिजे, आणि त्यासाठी ट्रान्सफर केसचा लो गिअर हवा. पुढची चाकं ओढतात यापेक्षा लो गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने खाली येते, हा या कामाचा खरा फायदा आहे. तुमच्या वर्णनात उतार आहे, म्हणून मी नको म्हणत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि समोरच्याचं नुकसान तुमच्या अंगावर येतं. ही गाडी बागेबाहेर रस्त्यावर, बाजारात जाणार असेल तर मी हे काम करायला सांगणार नाही. कारखान्यातूनच फोर-व्हील निघालेली जुनी गाडी शोधा. फक्त बागेच्या आत राहणार असेल तर नोंदणीचं काय करायचं ते आरटीओत विचारून आधी मिटवा, मग ग्राइंडर हातात घ्या.

आता भंगारातल्या मालाकडे येऊ, कारण पैसे वाया जातात ते इथे. जुन्या जीपची ट्रान्सफर केस एकटी विकत घेऊ नका. विलीस (मूळ अमेरिकन जीप) घराण्यातल्या त्या केसला स्वतःचा इनपुट शाफ्टच नसतो. ती गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून बसते आणि गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टवरचा गिअर तिला थेट फिरवतो. तिच्यासोबतचा गिअरबॉक्स नसेल तर ती नुसतं बिडाचं ओझं आहे. शिवाय त्या केसचा मागचा आउटपुट खाली आणि एका बाजूला सरकलेला असतो. जीपचा मागचा एक्सलही तसाच एका बाजूला गोळा (डिफरन्शिअलचं फुगीर घर) असलेला असतो, म्हणून तिथे सगळं सरळ रेषेत येतं. तुमच्या पिकअपचा मागचा गोळा मध्यावर आहे. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (केसपासून एक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) खाली झुकलेला आणि आडवाही तिरका जाणार, आणि भरल्या गाडीत शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) लवकर झिजणार.

मग दोन रस्ते उरतात. पहिला आणि चांगला रस्ता म्हणजे तुमच्याच इंजिनाच्या कुळातल्या, कारखान्यातून फोर-व्हील आलेल्या गाडीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जोडीने घेणं. महिंद्राने कॅम्पर आणि पिकअप फोर-व्हीलमध्येही विकल्या आहेत, त्यामुळे कुर्ल्याच्या बाजारात किंवा मोठ्या स्क्रॅपवाल्यांकडे असा जोड हाती लागू शकतो. घेताना बेल हाउसिंगचे बोल्ट जुळतात का, क्लच शाफ्टचे दात क्लच प्लेटमध्ये बसतात का, शाफ्टचं पुढचं टोक फ्लायव्हीलमधल्या बेअरिंगमध्ये जातं का, हे तिथेच उभं राहून तपासा. सोबत क्लच प्लेट घेऊनच जा. आणि ती गाडी अजून उभी असेल तर पुढचा एक्सल, पाटे, शॅकल, स्टिअरिंगचे दांडे, पुढचा प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर, झाडून सगळं त्याच गाडीचं घ्या. वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे स्वस्त वाटतात, पण त्यांना एकत्र नांदवायचा खर्च नंतर लेथवाल्याकडे होतो.

दुसरा रस्ता सुट्या ट्रान्सफर केसचा. तुमचा गिअरबॉक्स आहे तसाच राहतो, त्याच्या मागे एक आखूड शाफ्ट, मग चासीला वेगळी टांगलेली केस, तिथून पुढे आणि मागे दोन शाफ्ट. हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी १९३० च्या दशकापासून फोर्डच्या ट्रकांना चारही चाकांची ताकद देत असे. मिनियापोलिसच्या नॅपको कंपनीचा पॉवर-पॅक संच तर शेवरोले आणि जीएमसीच्या साध्या पिकअपवर बसायचा. तो इतका पक्का ठरला की जीएमसीने १९५६ पासून आणि शेवरोलेने १९५७ पासून तो कारखान्यातच बसवून द्यायला सुरुवात केली. त्या संचातही ट्रान्सफर केस वेगळी टांगलेलीच होती. गाडीच्या मूळ गिअरबॉक्सला हात लावायचा नाही, हीच त्यामागची अक्कल.

आपल्याकडे अशी सुटी केस म्हटली की मारुती जिप्सीची आठवते. रचना अगदी हवी तशी आहे, पण ताकदीचा हिशेब करा. जिप्सीचं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन साधारण १०३ न्यूटन मीटर टॉर्क (पिळाचा जोर) देतं. तुमच्या डिझेलचा टॉर्क २०० च्या आसपास धरा. पहिल्या गिअरचा रेशो ढोबळ ४ धरला तर गिअरबॉक्समधून ८०० न्यूटन मीटर बाहेर येतो. ट्रान्सफर केसच्या लो मध्ये तो अंदाजे अडीचपट होतो, म्हणजे २०००. एक्सलचा रेशो साडेचार धरला तर चाकांपाशी एकूण ९०००. जिप्सीची केस याच्या निम्म्यासाठी घडलेली आहे. रिकाम्या गाडीला ती काही काळ चालेल, पण शेणखताची खेप भरून जांभ्याच्या पायरीवर चाक अडकलं आणि तुम्ही क्लच सोडला, तर ती दात सोडेल. चिखलात चाक घसरून जोर निघून जातो. कोरड्या दगडावर चाक घसरत नाही, तेव्हा साखळीतली सगळ्यात कच्ची कडी तुटते. म्हणून मी भरल्या डिझेल पिकअपला जिप्सीची केस लावत नाही.

वेगळी केस टांगणारच असाल तर तिच्या पिळाचा विचार करा. आत ८०० येतात, बाहेर २००० जातात, मधले १२०० न्यूटन मीटर केसच्या अंगावर उलटतात आणि ते तिच्या माउंटिंगने पेलायचे असतात. दोन माउंटिंगमधलं अंतर ३० सेंटिमीटर असेल तर एका बाजूला सुमारे ४०० किलोची ओढ आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच दाब. झटका बसला की दुप्पट. म्हणून दोन पट्ट्यांवर केस लटकवू नका. दोन्ही चासी रेल्सना पकडणारा आडवा मेंबर, त्यावर पाळणा, किमान तीन ठिकाणी रबर, आणि रबर फाटलं तरी केस खाली पडणार नाही अशी पकड. माउंटिंग जेवढी लांब लांब तेवढा जोर कमी.

पुढच्या एक्सलचं काम यापेक्षा नाजूक आहे. पहिली अट रेशोची. पुढचा आणि मागचा क्राउन-पिनियन (एक्सलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी) एकाच रेशोचा हवा. जुन्या जीपच्या एक्सलमध्ये बहुधा ४३ आणि ८ दातांची जोडी, म्हणजे ५.३८ असते. मागे समजा ४१ आणि ९ दातांची, म्हणजे ४.५६ असेल, तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतील आणि काही अंतरातच काहीतरी तुटेल. पाटीवरच्या आकड्यावर विसंबू नका, हाताने मोजा. एक्सलचं एक चाक जमिनीवर पक्कं ठेवा, दुसरं उचला, पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवलं की पिनियन जेवढे फेरे फिरेल तो तुमचा रेशो. वीस फेरे फिरवून दहाने भागलं तर दशांशापर्यंत अचूक येतो. रेशो जुळत नसेल तर त्या एक्सलकडे पाठ फिरवा किंवा क्राउन-पिनियनची जोडी बदला, तिसरा उपाय नाही. टायरही चारही एकाच मापाचे, आणि झीजसुद्धा सारखी.

दुसरी अट बाजूची. पुढच्या एक्सलचा गोळा ज्या बाजूला, त्याच बाजूला ट्रान्सफर केसचा पुढचा आउटपुट हवा. एक्सल पालथा करून गोळा दुसऱ्या बाजूला नेऊ, असं कोणी सुचवलं तर नको म्हणा: चाकं उलटी फिरतील आणि तेलाची वाटही बिघडेल.

तिसरी अडचण लोकांना एक्सल बसवल्यावर कळते. तुमचा आत्ताचा पुढचा बीम मध्ये खाली वाकलेला आहे, इंजिनाच्या ऑइल सम्पला जागा देण्यासाठी. ताकदीच्या एक्सलची नळी सरळ असते आणि गोळा तर वर उंचावतो. गाडी उभी असताना तीन-चार बोटं जागा दिसते, पण खड्ड्यात पाटे पूर्ण दबले की गोळा किंवा नळी सम्पवर आदळते. म्हणून एक्सल टॅक करण्याआधी (वेल्डचे ठिपके देऊन तात्पुरता धरण्याआधी) पाटे काढून एक्सल जॅकवर घ्या आणि तो बम्प स्टॉपला (एक्सलची वरची हालचाल अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर उचला. सम्प, सायलेन्सरचा पाइप, स्टिअरिंगचा दांडा, क्रॉस मेंबर, सगळ्यांपासून किमान दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. राहत नसतील तर बम्प स्टॉप खाली घ्या किंवा पाट्यांची कमान वाढवा. पाट्यांखाली जाड ठोकळे घालून गाडी उचलू नका. मागे कारखाने ठोकळे वापरतात, पुढच्या वळणाऱ्या एक्सलला ते धोक्याचे आहेत.

पाट्यांच्या बैठका एक्सलच्या नळीवर वेल्ड करताना कॅस्टर ठरतो, आणि तो एकदाच ठरतो. किंग पिनचं (चाक ज्याभोवती वळतं त्या खुंटीचं) वरचं टोक थोडं मागे झुकलेलं हवं, हा झुकाव म्हणजे कॅस्टर. जुन्या जीपला ३ अंशांच्या आसपास असतं. ते कमी झालं की गाडी वळणातून सरळ येत नाही आणि वेगात पुढची चाकं थरथरतात. गंमत अशी की एक्सल फिरवून कॅस्टर वाढवला की पिनियनचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. दोघांत तडजोड करावी लागते, आणि मी अशा वेळी नेहमी कॅस्टरला झुकतं माप देतो, कारण स्टिअरिंग दिवसभर हातात असतं. बैठका आधी नुसत्या टॅक करा, गाडी चाकांवर उतरवा, इंजिनाचं पूर्ण वजन येऊ द्या, पाणसळ आणि कोनमापक लावा, मगच पक्कं वेल्ड. वेल्ड करताना एका बाजूला इंचभर, मग दुसऱ्या बाजूला इंचभर, मध्ये थंड होऊ द्या. एका दमात वेल्ड ओढला तर नळी वाकते आणि टायर एकाच कडेने खायला लागतात. बीडाच्या गोळ्यावर साध्या रॉडने बैठक चिकटवू नका. गोळ्यातच बैठक असलेला एक्सल असेल तर त्याचं अंतर तुमच्या चासीशी जुळतं का, ते घेण्यापूर्वी मोजा.

मोजमाप कसं घ्यायचं, ते सांगतो. गाडी सपाट फरशीवर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. चासीवरच्या मूळ छिद्रांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा: पुढच्या पाट्यांचे डोळे, मागचे डोळे, चासीची मधली रेषा. कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चासीच वाकलेली आहे, तिची दुरुस्ती आधी. या खुणांवरच नवा एक्सल, केस आणि शाफ्टच्या रेषा आखा. दिवसभर लागला तरी चालेल, पण हा दिवस वाचवू नका.

चासीवरचं वेल्डिंग शक्य तेवढं टाळा. क्रॉस मेंबर बोल्टने बांधा, १०.९ ग्रेडचे बोल्ट, तेही रेलच्या उभ्या भागात. वरच्या-खालच्या कडेला छिद्र पाडलं की चासी तिथूनच चिरते. वेल्ड करावंच लागलं तर रेलवर आडवी सरळ रेघ मारायची नाही. जोडपट्टीची टोकं निमुळती ठेवा, रेलच्या लांबीच्या दिशेने वेल्ड घ्या. बाजारातला नेहमीचा ६०१३ रॉड गेटला ठीक आहे, इथे ७०१८ वापरा आणि तो भट्टीत वाळवून घ्या. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडा पडलेला रॉड ओलावा धरतो आणि वेल्डमध्ये सूक्ष्म चिरा सोडतो. सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा.

स्टिअरिंगबद्दल कडक बोलतो. ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉडची टोकं, स्टिअरिंग नकलवरचा (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्यावरचा) आर्म, यांतलं काहीही वेल्ड करायचं नाही, गॅसने तापवून वाकवायचं नाही, कापून जोडायचं नाही. लांबी जुळत नसेल तर दुसऱ्या गाडीचा योग्य लांबीचा भाग शोधा. गाडी उचलली की ड्रॅग लिंकचा उतार वाढतो, आणि मग खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टिअरिंग आपोआप फिरतं. लिंक पाट्यांच्या हालचालीशी जुळते का, हे पाहायला गाडीचा पुढचा भाग जॅकने वर-खाली करा आणि स्टिअरिंग किती हलतं ते बघा. चाकं दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पाहा: टायर पाट्याला घासत नाही ना, एक्सलमधला जॉइंट अडत नाही ना, ब्रेकचा होज ताणला जात नाही ना. हे पाटे पूर्ण लोंबकळलेल्या स्थितीतही पाहायचं. होज नेहमी तिथेच तुटतो.

प्रोपेलर शाफ्ट गावात कापून जोडू नका. रत्नागिरी-कोल्हापूरकडे ज्यांच्याकडे बॅलन्सिंग मशीन आहे अशांकडे लांबी देऊन करून घ्या. लांबी मोजताना गाडी चाकांवर उभी आणि माल अर्धा भरलेला हवा. स्लिप जोडात (शाफ्टच्या सरकत्या जोडात) पुढे-मागे खेळ राहिला पाहिजे. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे कान) एका रेषेत, आणि दोन्ही क्रॉसचे कोन शक्यतो सारखे: एक क्रॉस शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त करतो, दुसऱ्याने तेवढाच उलटा करून ती थरथर मिटवायची असते. मागच्या शाफ्टला ३ अंशांच्या आत राहा. कोन अगदी शून्यही नको, नाहीतर क्रॉसमधल्या सुया एकाच जागी रुतून बसतात.

ब्रेकचं थोडक्यात. नवा पुढचा एक्सल ड्रमचा आणि जुना डिस्कचा, किंवा उलट, असं झालं तर पुढे-मागे ब्रेकची वाटणी बदलते. मास्टर सिलिंडर त्या एक्सलशी जुळणारा हवा. मागे वजनानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर गाडी उचलल्यावर त्याचा दांडा परत बसवावा लागतो, नाहीतर भरलेल्या गाडीला तो रिकामी समजतो.

सगळं बसलं की गाडी चार घोड्यांवर, इंजिन चालू, टू-व्हील, फोर-व्हील, लो, एकेक करून. आवाज ऐका, थरथर बघा. मग बागेत रिकामी, मग अर्ध्या मालाने. डांबरी किंवा कोरड्या सपाट जागी फोर-व्हील लावू नका. या केसमध्ये मध्यभागी डिफरन्शिअल नसतो, वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि तो ताण शाफ्टांत साठतो. यू-बोल्ट नवेच वापरा, जुने एकदा ताणलेले असतात. पहिल्या मालाच्या खेपेनंतर ते परत आवळा, दोन्ही डिफरन्शिअल आणि केसच्या ड्रेन बोल्टवर लोखंडाचे कण आहेत का पाहा. बारीक राखेसारखी भुकटी चालते, चकाकणारे तुकडे दिसले तर पुढे चालवू नका.

भंगारवाल्याला पैसे देण्याआधी मला एवढं कळवा: तुमच्या चासीवर पुढच्या पाट्यांमधलं मध्य ते मध्य अंतर, त्या जीप एक्सलवरच्या बैठकांचं तेवढंच अंतर, दोन्ही एक्सलचे हाताने मोजलेले रेशो, आणि सम्पच्या सगळ्यात खालच्या टोकापासून आत्ताच्या बीमपर्यंतची जागा.